पॉइंटांवर आलेली लाल बॅग
माळ्यावरची लाल बॅग उघडली की बेबी पावडरचा वास येतो आणि नारपोलीतल्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यातली ती शांतता आठवते. बहीण दुबईत बाळंत व्हायची होती, तिच्याजवळ कोणी नव्हतं, आणि धंद्यातल्या मंदीत तिकीट काढणं जमणारं नव्हतं. पण बाबा वर्षभर सूत क्रेडिट कार्डावर घेत होते. त्यावर साठलेल्या पॉइंटांवर आईचं विमानाचं तिकीट निघेल, हे ते धरूनच चालले होते. मी कार्डवाल्यांना फोन लावला, तर लूमच्या खडखडाटात काही ऐकू येईना. बाबांनी भर शिफ्टमध्ये सगळे लूम बंद करवले. कोणीतरी गेलं असं वाटून कामगार धावत आले. "सेठ, सब ठीक है ना?" एकाने दबकत विचारलं. फोनच्या स्पीकरवर कार्ड कंपनीतली मुलगी सांगत होती, की विमानप्रवासाचे माइल्स देणारं कार्ड वेगळं, पैसे परत देणारं वेगळं. तुमच्या पॉइंटांवर फक्त यादीतल्या वस्तू मिळतील. "म्हंजे तिकीट न्हाय?" बाबांनी विचारलं. दारात बाळाची दुपटी घेऊन उभी असलेली आई म्हणाली, "बॅग हाय का त्या यादीत?" बॅग आली, दुपट्यांनी आणि डिंकाच्या लाडवांनी भरली, आणि दुबईला निघालेल्या शेजारणीबरोबर गेली. वर्षाने ती रिकामी परत आली, तेव्हा आईने उघडून आत चेहरा खुपसला आणि बराच वेळ वर काढला नाही. आता आई नाही. मी बॅग उघडते, पण चेन लगेच लावते. वास उडून जाईल.