भोक न पाडलेला डबा

महिपत गोजर स्वतःच्या जेवणाबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. भात कच्चा असो की करपलेला, खाली मान घालून जेवायचा. त्याच्या जीपच्या पोटात काय जायचं, यावर मात्र त्याच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

जीप लष्कराच्या लिलावातली. चारही चाकांना जोर देणारी. म्हणून सिद्धगडाच्या पायथ्याच्या ज्या वाड्यांचं एसटी नावही काढत नसे, तिथं महिपत जायचा. बाळंतिणी, मास्तर, खताची पोती, नवरा-नवरी, सगळं वरखाली करायचा. असल्या वाटेवर पहिल्या गिअरात इंजिन तापून निघतं, आणि धूळ तर विचारू नका. तेल पातळ पडलं किंवा फिल्टरनं कचरा सोडला, की इंजिन जाम. हे ज्याला कळत नाही त्यानं जीप घेऊ नये, बैल घ्यावा.

हे शिक्षण त्याला शहापूरच्या एका गॅरेजात मिळालं. जोडीला सापगावचा दामू होता. दोघं एका डब्यात जेवले, एकाच्या चुकीला दुसऱ्यानं वस्तादाच्या शिव्या खाल्ल्या. वस्तादाचा एक नियम होता. तेलाचा डबा रिकामा झाला की स्क्रू-ड्रायव्हरनं बुडाला भोक पाडायचं. नाहीतर कोणीतरी त्यात जळकं तेल गाळून भरतो, वर नवं सील ठोकतो आणि तुम्हालाच विकतो.

पुढे दामूनं मुरबाडला स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. पहिलं गिऱ्हाईक महिपत. दुकानासमोरच तेल बदलून त्यानं सवयीनं डबा उलटा केला, तर दामूचा चेहरा पडला.

"माज्या दारात भोक पाडतोस, मह्या? मी चोर हाय का रे?"

महिपत ओशाळला. डबा तसाच ठेवून आला. त्या दिवसापासून भोक पाडणं बंद, आणि हळूहळू तेलात बोट बुडवून वास घेणंही बंद. दोस्तावर भरवसा ठेवायचा तर अर्धा कशाला ठेवायचा? तेवढ्यावर थांबला असता तरी एकवेळ चाललं असतं. पण हा स्टँडवरच्या सगळ्या जीपवाल्यांना सांगत सुटला, "तेल, फिल्टर, काय घ्यायचं ते दामूकडं घ्या. माज्या शब्दावर घ्या." लोकांनी घेतलं.

सत्त्याण्णव साली म्हसाच्या जत्रेत अनिलची जीप भर चढावर जाम झाली. अनिल स्टँडवरचाच, नुकता धंद्यात आलेला. दामूकडच्या तेलावर त्यानं शंका घेतली, तेव्हा महिपतनं त्याला चारचौघांत झाडलं.

"खोट तेलात नाय, तुज्या पायात हाय. इंजिन रडतंय आन् तू दाबतोस!"

सगळे हसले. अनिलनं जीप येईल त्या किमतीला विकून टाकली आणि कंपनीत पाळीला लागला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात महिपत अंगणात तेल बदलत होता. जुनं तेल सोडून झालं होतं. त्याची बायको तानी नरसाळं धरून उभी होती. नवा डबा त्यानं उचलला, सील फोडलं, तोच ती म्हणाली,

"ओ, थांबा. डब्याला टिकली कोणी लावली?"

"कंपनीनं लावली आसल. नरसाळं धर."

"कंपनीचं काय लगीन व्हतं? ही माजी हाय. हिरवी, सोनेरी काठाची. दसऱ्याला तेलकट पत्र्यावर कुंकू बसंना, तवा मीच डकवली, कडीखाली."

महिपतनं डबा फिरवून पाहिला. दसऱ्याला पुजलेला डबा दिवाळीत संपला, आणि रिकामा डबा त्यानंच दामूकडे नेऊन टाकला होता. आता तो भरून, सील लावून घरी आला होता. कितीतरी वर्षांनी त्यानं तेलात बोट बुडवलं. नाकाशी नेलं. जळका वास. मग खोक्यातून नवा फिल्टर काढून त्यावर नख ओढलं. रंगाचा पापुद्रा सुटला. खाली गंज होता.

"चुकून आला आसल," तानी हळूच म्हणाली. "दामूभावजी तुमच्याशी आसं नाय वागायचे."

"गप गो," तो म्हणाला. तोही मनात तेच घोकत होता.

जीप कोरड्या इंजिनाची अंगणात सोडून तो फाट्यापर्यंत चालत गेला, मांडीवर डबा घेऊन एसटीनं मुरबाडला उतरला. डबा दामूच्या काउंटरवर ठेवला आणि टिकलीवर बोट ठेवलं. दामू आधी हसला.

"वयनीची नजर भारी हां!"

महिपत हसला नाही. तेव्हा दामू आवाज उतरवून म्हणाला, "मह्या, आईशप्पथ, तुज्या गाडीला मी कदी खोटं तेल दिलं नाय. तुजा माल येगळा ठेवतो. ह्या येळंला चुकलं."

ते ऐकून महिपतला क्षणभर बरं वाटलं. अगदी बरं वाटलं. मग लक्षात आलं.

"मंग बाकीचे डबे कोणाला?"

"तुला काय करायचं? तुजी गाडी ठीक हाय ना?"

"अनिलला दिलास?"

दामू फडकं घेऊन फळी पुसायला लागला. "माणसं तूच पाठवलीस ना रे? मी काय बोलवायला गेलतो?"

"स्क्रू-ड्रायव्हर दे."

गॅरेजातल्या सवयीनं दामूनं मागं न बघताच स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात ठेवला. महिपतनं डब्याच्या बुडाशी भोक पाडलं. जळकं तेल काउंटरवरून, खोक्यांवरून, दामूच्या चपलांवर ओघळलं. दामू ओरडत राहिला. आता भोक पाडून काही उपयोग नाही हे महिपतला कळत होतंच. तरी पाडलं.

तिथून तो कंपनीच्या गेटवर गेला. पाळी सुटली, अनिल बाहेर आला. महिपतनं सगळं सांगितलं. रिकाम्या डब्यावरची टिकली दाखवली.

अनिलनं ती नखानं टोकरून पाहिली. "मला चारचौघांत बोलला व्हतास, दादा."

"व्हय."

"मंग हे पन चारचौघांत सांग."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर महिपतनं डबा एका जीपच्या बॉनेटवर ठेवून सांगितलं. दामूचं नाव घेतलं, स्वतःचंही घेतलं. कोणी हसलं नाही. कोणी शिवीही दिली नाही, दिली असती तर त्याला सोपं गेलं असतं. मागून एकानं भाबडेपणानं विचारलं,

"मंग आता तेल कुठचं घालायचं, दादा? तू सांगशील तेच घेतो."

महिपतनं डबा काखेत मारला.

"मला नको विचारू," म्हणाला, आणि पायीच घरच्या रस्त्याला लागला.