सरजाबाईचा डावा हात

लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्याच साली पावसानं दगा दिला. आटत आलेल्या विहिरीच्या पायऱ्यांवरून सरजाबाई घसरली आणि तिचा डावा हात मोडला. लोक म्हणाले, "तिला कशाची काळजी? हाडं बसवणारी तीच हाय!" वर हसलेसुद्धा मेले.

निलंग्याकडच्या त्या वाडीत तिनं हातपाय सांधला नाही असं घर नव्हतं. उडदाचं पीठ अंड्यात कालवून लेप द्यायची, वर बांबूच्या कामट्या बांधायची. पैसा घेत नसे. दंडक मात्र एक होता: हाड जुळलं की त्या माणसानं पुन्हा तिच्या दारी यायचं नाही, तिला हात लावायचा नाही, नाहीतर सांधा सुटतो. सासूनं सांगितलेलं. म्हणजे बघा, जो बरा झाला तो बाईला परका झाला! नवरा कधीच गेलेला, पोटी लेकरू नाही. सणासुदीलाही दाराशी कुणी फिरकत नसे.

स्वतःचा हात तिनं दातात चिंधी धरून एकटीनंच बांधला. "सव्वा महिना हलवू नका," असं साऱ्यांना दटावणारी ती, पण तिची घागर कोण आणणार? तीच शेंदायची, तीच उचलायची. चार महिने झाले तरी हाड जुळेना. शेवटी एसटी धरून तिनं लातूरचा दवाखाना गाठला.

हाताचा एक्स-रे फोटो बघून डॉक्टर म्हणाला, "मावशी, मधे नवं हाड भरावं लागेल."

"कुणाचं?"

"तुमचंच. कमरेचं थोडं काढून तिथं बसवायचं. दुसऱ्याचंही वापरतात, पण आपल्या हाडात जीव असतो, ते लवकर धरतं. फक्त उठवायला-बसवायला एक माणूस घेऊन या."

तिनं भीतभीत दंडकाचं विचारलं. डॉक्टर हसला. "एकदा जुळलेलं हाड कुणाला हात लावल्यानं सुटतं व्हय?"

गावी उतरली ती थेट समोरच्या शिवगंगेच्या अंगणात. शिवगंगा लहान असताना तिची मोडलेली मांडी सरजाबाईनंच सांधलेली.

"शिवगंगे, दंडक खोटा हाय गं. डाक्टर म्हनला. चल माझ्यासंगं, महिनाभर."

शिवगंगेचा हात आपसूक मांडीवर गेला. "मावशे, तूच तर सांगितलं व्हतंस. तुझा सबूद कधी खोटा झालाय का?"

सरजाबाई भर अंगणात रडली. उभ्या जन्मात तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. शिवगंगाही रडली, पण जागची हलली नाही.

पदरानं तोंड पुसून सरजाबाई म्हणाली, "जप मांडीला," आणि घरी गेली.