देवीपुढे म्हटलेली किल्ली

ज्याने आमची वेबसाइट चोरली, तो आज सकाळी गेला.

विलास. माझा मानलेला भाऊ.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाहीये. झालं ते सांगतेय.

सुरत, १९९९. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभराची पॉवरलूमवरची नोकरी सोडून कतारगामला भाड्याचा गाळा घेतला होता. साडीला लावायच्या लेसची दोन मशीनं. बस, एवढाच आमचा पसारा.

विलास आमच्याच गावचा, खान्देशातला. सुरतेत एकटाच राहायचा, जेवायला आमच्याकडे. कॉम्प्युटर क्लास केलेला. तोच म्हणाला, आबा, आपण वेबसाइट काढू, फॉरेनची गिऱ्हाइकं येतील.

आमच्या गल्लीत तेव्हा अर्ध्या लोकांना वेबसाइट म्हणजे टीव्हीचं चॅनल वाटायचं. आबांनी मात्र लगेच हो म्हटलं. हाऊ मना पोऱ्या शे, हा माझाच पोरगा, असं सगळ्यांना सांगत सुटले.

पठ्ठ्याने खरंच वेबसाइट काढली. लेसचे फोटो, आबांचा फोटो, आमचा फोन नंबर.

वर मला म्हणाला, "ताई, पासवर्ड आता तू बदल. मलाही सांगू नकोस."

केवढा प्रामाणिक वाटला होता मला!

आणि खरंच मॉरिशसच्या एका व्यापाऱ्याचा ईमेल आला. लेस पसंत आहे, दिवाळी झाली की फोन करून ऑर्डर पक्की करतो. आबा नुसते तरंगत होते. ही ऑर्डर मिळाली तर गाळा टिकणार, नाहीतर परत लूम.

आता आमचा मूर्खपणा ऐका.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे गाळ्याची किल्ली देवीपुढे ठेवतात. आबांनी विचारलं, या नव्या दुकानाची किल्ली कुठाय? मी म्हटलं, आबा, त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. तो ठेवता येत नाही, बोलावा लागतो.

मग बोल म्हणाले. देवीला कळायला नको?

मी हात जोडून मोठ्याने बोलले. आई होती, आबा होते. आणि आरतीचं ताट धरून विलास होता.

घरचाच माणूस. त्याच्यापासून काय लपवायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. लाभपाचमीपर्यंत मार्केट बंदच असतं. विलास आला नाही. ताप आलाय म्हणाला. आईने त्याच्यासाठी फराळाचा डबा भरून ठेवला होता.

परत आलो. मॉरिशसचा फोन काही येईना.

शेवटी मी सायबर कॅफेत जाऊन आमची साइट उघडली. सगळं जागच्या जागी. आमचं नाव, आमची लेस, आबांचा हसरा फोटो.

फक्त फोन नंबर आमचा नव्हता.

पासवर्ड टाकला तर तोही चालेना.

बाहेर येऊन एसटीडी बूथवरून मी तो नंबर फिरवला.

"हां बेन, बोलो, कई लेस जोइए?"

कुठली लेस हवी म्हणून विचारणारा आवाज विलासचा होता.

मी "विल्या" एवढंच म्हटलं. फोन कट.

नंतर कळलं, मार्केटमधल्या एका शेठने त्याला, आमची गिऱ्हाइकं आणलीस तर पर्मनंट नोकरी देतो, म्हटलं होतं. मॉरिशसची ऑर्डरही त्या शेठकडेच गेली.

आबांना सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले. मग त्यांनी स्वतः तो नंबर लावला. पलीकडचा आवाज ऐकला आणि रिसीव्हर ठेवून दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

साइट परत मिळवायला मला एकटीला किती खेटे घालावे लागले! साइटला इंटरनेटवर जागा देणारी कंपनी म्हणे, दुकान तुमचंच कशावरून? लेटरहेडवर शिक्का मारून फॅक्स केला. गाळ्याची भाडेपावती पाठवली. रोज एसटीडी. तेव्हा कुठे नवा पासवर्ड मिळाला.

पानं दुरुस्त करायला मी शिकले ती तेव्हाच. रडत, चुकत. सगळीकडे आमचा नंबर घातला आणि सुटले म्हटलं. तर शेवटच्या पानाच्या तळाशी त्याचा नंबर तसाच राहिलेला. तोही खोडला.

साइट परत आली. ऑर्डर नाही आली.

एक मशीन विकलं आणि आबा परत लूमवर गेले. गाळा आईने आणि मी ओढला.

मी विलासला राखी बांधणं बंद केलं.

पण पुढच्या लक्ष्मीपूजनाला आबांनी त्याला बोलावलं. तो आला, मान खाली घालून. आबा मला म्हणाले, बोल किल्ली. मी बघतच राहिले. पण बोलले, त्याच्यासमोर, मोठ्याने.

तो प्रसाद घेऊन गेला, तसे आबा हळूच म्हणाले,

"आते बदली टाक. घरना माणूसले दारबाहेर ठेवता येत नही. पन कुलूप बदलता येस."

दरवर्षी हेच. तो यायचा, मी किल्ली बोलायचे, तो गेला की बदलायचे. आबा गेले तोपर्यंत.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. हाडं उरली होती नुसती. माझा हात धरून म्हणाला,

"ताई, आबांनी मला माफ केलं होतं ना? नाहीतर माझ्यासमोर किल्ली बोलू दिली असती का? देवीशप्पथ, मी एकदाही टाकून बघितली नाही."

मी म्हटलं, "हो रे. माफ केलं होतं."

विल्या, तू टाकून बघितली असतीस तरी उघडलं नसतं. हे तुला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, माझ्याने सांगवलं नाही.

तू खरं बोललास की नाही, ते आता मला कधीच कळणार नाही.

येत्या दिवाळीला पुन्हा किल्ली बोलेन. ऐकायला तू नसशील, म्हणून बदलणार नाही.

जा बाबा. सुखाने जा.

तुझी ताई