गाडीतला पंखा दोनवर

आमची गाडी आता रोज सकाळी पहिल्याच किल्लीला सुरू होते. तिच्यातला दोष मी शोधला, अगदी पद्धतशीर शोधला, आणि त्या शोधात सासूबाईंची दुपारची एक जागा गेली. ती त्यांना परत कशी द्यावी, हे मला अजून उमगलेले नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचे घर लालबागेत आहे, जळगावहून राज्याची सीमा ओलांडली की लागणाऱ्या हिंदी मुलखातल्या गावात. यजमान रेल्वेने कागद कारखान्यात जातात, त्यामुळे गाडी माझ्याच हाती असते. सकाळची शाळा आटोपून मी दुपारी परतते, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते. या उन्हाळ्यात एके सकाळी किल्ली फिरवली, तर इंजिनाऐवजी नुसती कटकट ऐकू आली आणि समोरचे दिवे मंदावले. दिवे लागतात, म्हणजे वीज आहे. स्टार्टर फिरवताना ते मंदावतात, म्हणजे ती पुरेशी नाही. इतके निदान माझ्या नववीच्या मुलांनीही केले असते.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून आत पाहिले न पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, बॅटरीची उमर झाली. नवी टाका, झंझट खतम."

बुधवाऱ्याच्या बाजारातून नवी बॅटरी आणली. टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली, जोड घट्ट केले. आठवडाही गेला नाही, तोच नव्या बॅटरीनेही तशीच मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, "मग वायरिंगमध्ये काहीतरी करंट खातंय. दोन दिवस गाडी सोडा, सगळं खोलून पाहू." सगळे खोलून पाहणे ही माझ्या मते पद्धत नव्हे. मी घरचा मल्टिमीटर काढला.

अशा दोषाचा शोध तीन प्रश्नांत मावतो. बॅटरी वीज साठवते का? नवीच होती, साठवत होती. धावताना ती भरते का? इंजिन चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास होता, म्हणजे भरत होती. मग उभ्या गाडीतून वीज गळते का? बॅटरीचे ऋण टोक सोडवून मधे मीटर जोडला. घड्याळ आणि कुलपाचे यंत्र घेते तेवढीच वीज जात होती. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून एका संध्याकाळी ते टोक सोडवूनच ठेवले. सकाळी जोडले, तर तीच कटकट. रात्र निर्दोष ठरली. जे काही होत होते, ते दिवसा, मी घरात असताना होत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी धक्का मारून सुरू केली, शाळेतून आल्या आल्या मोजले आणि संध्याकाळी पुन्हा मोजले. आकडा चांगलाच खाली आला होता. मी गाडीत बसून एकेक वस्तू पाहू लागले. पंख्याची कळ दोनवर होती. मी ती नेहमी शून्यावर आणून उतरते. डावी सीट थोडी मागे रेललेली होती.

तेव्हा माझ्या लक्षात सगळे आले होते, आणि ते एकांतात विचारता आले असते. पण निष्कर्ष हाती आला की तो फळ्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. रात्री जेवताना मी म्हणाले, "दोष सापडला. दुपारी कुणीतरी गाडीत पंखा लावून बसतं."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "मी बसते," त्या म्हणाल्या. "रेडिओ ऐकायला."

"आजी, लाँग ड्राइव्ह पे जाती हो क्या अकेली?" माझा मुलगा म्हणाला.

"आई, लायसन काढायचं का तुझं?" यजमान म्हणाले. दोघे हसले. मीही हसले, आणि हसत हसत समजावू लागले: "आई, रेडिओ फार वीज घेत नाही हो. तो तासभर लावा, दोन तास लावा. पण पंख्याचं तसं नाही. इंजिन बंद असताना तो चालला की बॅटरी भरत नाही, नुसती रिकामी होते. सगळ्यात जास्त खातो तो पंखाच." ताटाशेजारी बोटाने मी विद्युतमंडलाची आकृतीही काढून दाखवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "माझ्या ध्यानात नाही आलं."

त्यानंतर त्या गाडीत गेल्या नाहीत. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर तशीच राहू लागली आणि मी माझ्या निदानावर समाधानी होते.

मग एके संध्याकाळी मामांचा, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाचा फोन माझ्या मोबाइलवर आला. शाहपूरजवळ त्यांच्या केळीच्या बागा आहेत. ते मला कधी फोन करत नाहीत.

"सूनबाई, ताईले ताप-बीप त नाही आला ना?"

"नाही मामा. का हो?"

"मंग आजकाल भाव काहून ऐकत नाही ते? रोज मी फोन लावतो, ऐकलं का ताई, इचारतो. त म्हणते, राहून गेलं. कधी म्हणते, डोळा लागला. माही बहीण दुपारी झोपणारी नाही."

मामांकडून मला उरलेले कळले. जळगावकडच्या मराठी केंद्रावर दुपारी गाण्यांनंतर केळीचे भाव सांगतात. लहानपणी ही दोघे बागेतल्या विहिरीच्या मोटारीच्या खोलीत बसून वडिलांसाठी ते ऐकायची आणि भाव चढणार की उतरणार यावर पैज लावायची. पैज अजून चालू होती. भाऊ तिकडे बागेत ऐके, बहीण इकडे ऐके, आणि संध्याकाळी फोनवर कोण हरले ते ठरे. त्या एका मिनिटाच्या फोनाखेरीज दोघांत बोलायला फारसे काही उरलेले नाही. मामांना एरवी कोणाशी बोलायला आवडत नाही.

आणि रेडिओ? तो आमच्या दिवाणखान्यात होता. त्याची तार खिडकीच्या गजाला बांधली, तरच ते केंद्र लागे. आतल्या खोल्यांत नुसती खरखर. उन्हाळा लागताच मी दुपारच्या शिकवण्या दिवाणखान्यात सुरू केल्या आणि पहिल्याच दिवशी मुलांसमोर म्हणाले होते, "आई, रेडिओ जरा बंद करता का? मुलांचं लक्ष जातं." त्यांनी बंद केला, तार गुंडाळून ठेवली. पुढे त्यांनी दुसरी जागा कुठे शोधली, याची मी चौकशी केली नाही. बॅटरीची वीज कुठे जाते, याची मात्र केली.

त्याच रात्री मी त्यांना म्हणाले, "आई, उद्यापासून शिकवणी मी सकाळी घेते. दिवाणखाना तुमचा."

"सकाळी तुझी शाळा असते. पोरांचं नुकसान कशाला?"

"मग गाडीत बसत जा. मी चार्जर आणलाय. रात्री लावला की बॅटरी सकाळी भरलेली."

"बघू," त्या म्हणाल्या. बरेच दिवस नुसते बघूच चालले. मी रोज किल्लीची आठवण करायची, त्या मान हलवायच्या. शेवटी मामांनीच त्यांना फोनवर सुनावले असावे, "पैज हारशीन म्हणून पळून राहिली काय?" असे काहीसे, कारण एके दुपारी किल्ली खिळ्यावर नव्हती.

मला हायसे वाटले. मुलांना गणिते घालून मी खिडकीशी गेले. शेडखाली सासूबाई डाव्या सीटवर बसल्या होत्या, चारही काचा खाली, रेडिओचा आवाज अगदी बारीक. वरचा पत्रा तापून कडकडत होता. त्या पदराने वारा घेत होत्या आणि कपाळ पुसत होत्या.

मी धावत अंगणात गेले. "आई, पंखा लावा ना. चार्जर आहे, सांगितलं होतं मी."

"नको गं. तूच म्हणालीस ना, पंखाच सगळ्यात जास्त खातो." त्यांनी बोट ओठांवर ठेवले. "थांब, भाव सांगतायत."

मी हात आत घालून पंखा दोनवर केला. भाव त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनीच कळ शून्यावर आणली.

मी रोज सांगते, त्या रोज ऐकून घेतात. वर्गात माझा कुठलाही धडा इतका नीट कोणी लक्षात ठेवलेला नाही. चार्जर रात्री लावते, तर त्यावरचा हिरवा दिवा लगेच लागतो. भरण्यासारखे काही नसतेच. सकाळी किल्ली फिरवते, गाडी तत्क्षणी सुरू होते, आणि मी शाळेला वेळेवर पोहोचते.