ओल्या गोणपाटातलं बी

घरात तिला सगळे रोपबाईच म्हणत. जंगलाकडेच्या रोपवाटिकेत ती लग्नाआधीपासून कामाला होती आणि नखांतली माती जेवतानाही पुरती निघत नसे.

त्या सदाहरित रानात एका जातीची मोजकीच झाडं उरली होती. त्यातलं फळणारं एकच, तेही आतून पोकळ. पुढचा बहर ते बघेल की नाही, कुणी सांगावं? यंदा ते फळलं. रोपबाईने खाली पडलेली फळं वेचली, फोडली आणि बिया ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. तोवर रोपवाटिकेचं फाटक लागलं होतं. म्हणून गोणपाट घरी आणून तिने मोरीत ठेवलं.

सकाळी पेरणीसाठी वाळू आणायला ती गेली आणि दुपारी परतली, तर बिया गच्चीवर उन्हात खडखडत होत्या.

"केवढा चिखल होता त्यांना," थोरली जाऊ म्हणाली. "लख्ख धुऊन वाळवल्यात. आता वर्षभर बघायला नको."

"जाऊबाई, हे बी वाळलं की मेलं."

"बी वाळवायचं नाही, तर काय रोज आंघोळ घालायची त्याला?"

"हो."

जाऊचा चेहरा उतरला. रोपबाई एकेक बी दाबून बघत राहिली. सगळ्या पोचट. शेवटी ती मोरीत गेली. गळक्या नळाखाली गोणपाट तसंच पडलं होतं. तिने सवयीने शिवण चाचपली. दुमडीत काहीतरी टणक लागलं. मूठभरही नसतील, पण ओल्या, जड. एकीला तर पांढरं टोक फुटलेलं.

"जाऊबाई, इकडे या," तिने हाक मारली. "तुमच्या तावडीतून सुटल्यात काही."

त्या बिया घरीच कुंड्यांत पेरल्या आणि त्या दिवसापासून रोपांची राखण जाऊकडे गेली. गोगलगायी ती चिमट्याने उचलून लांब नेऊन टाके आणि तिच्या नवऱ्याने तंबाखूची पिंक कुंड्यांच्या बाजूला टाकली, तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे. "आंघोळ झाली का बाळांची?" तो चिडवायचा. झालेलीच असे.

रोपं गुडघ्याला लागली तेव्हा त्यांना रानात न्यायचं ठरलं. धापा टाकत जाऊ चढण चढली. "वाळवल्या मी, आता खड्डे मीच खणणार," म्हणाली आणि पहार कुणाला देईना.

पोकळ झाडाच्या उतारावर रोपं ओळीने उभी राहिली. कोवळी पानं तांबूस, वाऱ्यावर हलणारी. मागून येणारा मजूर पाऊल टाकणार, तोच जाऊने हात आडवा घातला.

"जरा बघून. आमच्या घरची आहेत."

रोपबाई हसली. मग तिनेही पदर खोचला आणि शेवटच्या रोपाला पाणी घातलं.