पेनाची रेघ

धाकट्या बहिणीच्या पायावर डॉक्टरांनी निळ्या बॉलपेननं रेघ ओढली, तेव्हा मला त्यांचा रागच आला. तापापाठोपाठ तिच्या पायावर जांभळे डाग उठले होते आणि एकमेकांत मिसळून काळे पडत होते. डाग वाढतोय का हे कळावं, म्हणून त्याच्या कडेकडेनं ही रेघ.

"रक्तात जंतू पसरले असतील, किंवा रक्त गोठू न देणारा एखादा घटक कमी पडत असेल," डॉक्टर म्हणाले. "बारीक रक्तवाहिन्या बंद होतायत. कारण शोधतोय आम्ही."

लहानपणी अंगणात आम्ही दोघी कोळशानं ठिकरीचे चौकोन आखायचो. माझा पाय जरा रेघेला लागला, की ही भांडून मला बाद करायची. आता तिच्याच पायावर रेघ होती, आणि सकाळपर्यंत डाग ती ओलांडून बोटभर पुढे गेला होता. भांडायचं तरी कोणाशी?

डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बहिणीच्या उशाशी बसलेली आई उठली आणि हात जोडून म्हणाली, "डॉक्टर, या वेळी रेघ डागापासून जरा लांबून ओढा हो."