लांबच्या देशातला सरडा

"हसायचं तर लांबच्या देशावर हसावं, तिथून कोणी आपल्या दारात येत नाही."

कय्युमभाई पिंजारी हे एकदा बोलले, ते सुईत दोरा ओवताना. जळगावच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मागे कापूस पिंजायचं यंत्र, पुढे जमिनीवर पसरलेली सतरंजी. हवेत कापूस असतोच. तो भुवयांवर बसतो, चहात पडतो, बोलणाऱ्याच्या तोंडात जातो. यंत्र सुरू झालं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून जे काय बोलायचं ते यंत्राच्या आधी, अशी तिथली रीत पडली होती.

रोज सकाळी कय्युमभाई पेपर घेऊन सतरंजीवर बसत. पहिलं पान न वाचता दुमडत. जिल्ह्याचं पान तर उलटं करून मांडीखाली घालत. मग आतल्या पानावरच्या त्या कोपऱ्याशी येत, जिथे जगभरातल्या विचित्र बातम्या चार-चार ओळींत छापलेल्या असतात. तोवर समोरच्या रसवंतीवरून चुडामणभाऊ आलेला असे, आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून नवल. चुडामणभाऊ मूळचा धुळ्याकडचा. जळगावात इतकी वर्षं काढूनही त्याची बोली तिकडचीच राहिली.

"सांग भो, आज जगमा कोन येडा व्हयना?"

"एका गावात महापौर व्हायला बोकड उभा राहिला. तिसऱ्या नंबरची मतं पडली त्याला."

"मंग?"

"मग काय! चौथ्या नंबरवर जो आला, त्या माणसाचा विचार कर. घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल?"

चुडामणभाऊ मांडीवर थाप मारायचा. कय्युमभाई स्वतः हसत नसत. त्यांचा चेहरा लांबट, डोळे सतत दाराकडे. चेहरा जितका काळजीत, तितकं लोकांना जास्त हसू येई. "बोकड पडला ते बरंच झालं," ते म्हणाले. "निवडून आला असता तर ईदच्या आधी पक्ष बदलावा लागला असता."

दुसऱ्या एका दिवशी एक चोर घरफोडीला गेला आणि मालकाच्याच गादीवर झोपी गेला, अशी बातमी होती. कय्युमभाईंनी पेपर बाजूला ठेवला. खरोखर दुखावल्यासारखं तोंड केलं.

"चोराचं नाव छापलं, मालकाचं छापलं, फौजदाराचं छापलं. गादी कोणी भरली त्याचं नाव कुठेय?"

"तू भरी व्हती का?"

"मी भरली असती तर चोर उठला असता. मी कडक भरतो."

नवल हे सगळं मोबाइलवर घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. तुकडा लहान, मागे पांढरा कापूस, मध्ये हा काळजीत बुडालेला माणूस. भुसावळपासून धुळ्यापर्यंत लोक ते बघू लागले. गाद्या भरायला येणारे विचारत, "दुनियावाले, आज काय खबर?" कय्युमभाईंना हे आवडायचं, आणि आवडतं याचीच भीतीही वाटायची. संध्याकाळी जेवताना ते दिवसभरातलं आपलं बोलणं पुन्हा चाचपून बघत, शिवलेल्या गादीत सुई राहिली असेल म्हणून हात फिरवतात तसं.

"सकीना, आज कोणाला लागेल असं काही बोललो का मी?"

"बोकडाला बोललात. बोकड पेपर वाचत नाही."

"पक्षाचं बोललो. ते नको होतं."

"खुशनुमाचे अब्बा, घास थंड होतोय."

सकीनाबी हसण्यावारी नेत. पण त्यांनाही ठाऊक होतं की हा माणूस सायरन ऐकला की आधी आपल्याच दुकानाचं शटर बघतो. पूर्वीही पोलिसांत त्याच्या नावावर कधी काही नव्हतं, आताही नाही. भीतीला कारण लागत नाही. ती कापसासारखी असते, दार लावलं तरी खोलीत असतेच. त्या कोपऱ्यातल्या बातम्या वाचताना मात्र ती थोडा वेळ खाली बसे. कारण तिथे चूक करणारा नेहमी दुसराच असायचा, समुद्रापलीकडचा.

त्यांची मुलगी खुशनुमा सावद्याला दिली होती. जावई अरशद टेम्पो चालवायचा आणि परदेशी जायची स्वप्नं बघायचा. खुशनुमा केळीच्या पॅक हाऊसमध्ये कामाला लागली. बागेतून घड येतात, फण्या सुट्या होतात, पाण्याच्या टाकीतून धुऊन येतात. त्या पुसून, निरखून, कागदात बसवून खोक्यात भरायच्या. खोकी कंटेनरमधून आखाती देशांत जातात. प्रत्येक खोक्यावर भरणारीचा नंबर असतो. माल तिकडे खराब निघाला तर बोट इथे कोणाकडे दाखवायचं ते ठरलेलं असावं म्हणून. खुशनुमा चौदा नंबर. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं छातीवरचा बिल्ला आणून दाखवला होता. तिला कामाला लावलं, हात धरून भरायला शिकवलं, ते तिच्या टेबलावरच्या मंदाबाईनं. लग्नानंतर घराबाहेर पडून तिनं स्वतःहून मिळवलेलं हे एकच होतं. सासरी कोणी चढा आवाज केला तर आता ती उलटून बघू शकायची. कय्युमभाईंना हे कळत होतं. म्हणूनच ते चौदा हा आकडा कुठेही दिसला, बसवर, घरावर, तरी थांबून बघत.

त्या सकाळी कोपऱ्यात बातमी होती: केळीच्या खोक्यात निघाला सरडा, घाबरून दुकान रिकामं केलं.

"कुठलं गाव?" नवलनं मोबाइल वर धरला.

"आखातातलं. बाई केळी घ्यायला गेली, खोक्यातून हा बाहेर. बाई ओरडली, बाईला बघून नोकर ओरडला, नोकराला बघून मालक पळाला. शेवटी आगीचा बंब बोलावला."

"बंब कसाले? सरडा पेटना व्हता का?" चुडामणभाऊ म्हणाला.

"मालकाची इज्जत पेटली होती." कय्युमभाईंनी चष्मा वर केला. "मला एक सांगा, याला व्हिसा कोणी दिला? आमचा अरशद किती वेळा मुंबईला जाऊन आला. फोटो नीट नाही म्हणाले, कान दिसत नाहीत म्हणाले. सरड्याला तर कानच नाहीत. तो गेला थेट, तेही थंडगार डब्यात बसून."

हसण्याचा एक लोट आला. गल्लीतली आणखी दोन-तीन माणसं दारात उभी राहिली. बातमीची शेवटची ओळ त्यांनी वाचली: केळी भारतातून आली होती. आणि तिथे, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, लांबचा देश जवळ आला. त्यांनी थांबायला हवं होतं. पण दारातली माणसं वाट बघत होती, मोबाइलची काच डोळ्यासमोर होती.

"भारतातली म्हणजे आमच्या सावद्याचीच असणार. शोधायचं काय त्यात? खोक्यावर नंबर असतो. चौदा नंबर बघा! आमची खुशनुमा. शाळेत होती तेव्हा दप्तरातून बेडूक निघायचे. आता मोठी झाली, सरड्यावर आली."

जगातल्या सगळ्या नंबरांपैकी त्यांना तो एकच ठाऊक होता. ज्याचं कौतुक, तोच तोंडात आला.

यंत्र सुरू झालं. दुपारपर्यंत ते कापूस पिंजत राहिले. यंत्र बंद केलं तेव्हा सदऱ्याच्या खिशात मोबाइल थरथरत होता.

"अब्बा, तुम्ही काय बोललात?"

खुशनुमाचा आवाज रडका नव्हता. तेच त्यांना जास्त लागलं. ती सांगत गेली. तो सरडा खरंच इकडच्या मालात निघाला होता. त्या कंटेनरमध्ये सावद्याच्या बऱ्याच पॅक हाऊसचा माल होता. ते खोकं गर्दीत तुडवलं गेलं, नंबर कोणाला वाचता आला नाही. आठवडाभर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. आणि आज व्यापाऱ्याच्या मोबाइलवर हे आलं.

"मस्करी होती ती, बेटा."

"मला माहितीये. टेबलावरच्या सगळ्या बायका हसल्या. मग मॅनेजर आले. उद्यापासून येऊ नको म्हणाले."

त्या संध्याकाळी कय्युमभाईंनी सकीनाबींना काही विचारलं नाही. त्यांनी तो तुकडा स्वतः पुन्हा पुन्हा पाहिला. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आता हा माणूस 'चौदा' म्हणणार नाही. प्रत्येक वेळी तो म्हणे.

सकाळी नवलनं मोटरसायकल काढली. त्याचंही तोंड उतरलेलं होतं. "पाठवायला नको होतं मी, भाई," एवढंच तो भुसावळपर्यंत दोनदा म्हणाला. पुढे केळीच्या बागा लागल्या, दोन्ही बाजूंनी ओल्या सावलीच्या भिंती. त्या पानांत कुठे किती सरडे बसले असतील, असा विचार कय्युमभाईंच्या मनात आला, आणि त्यावर एक चांगली ओळही सुचली. त्यांनी दात दाबून धरले.

पॅक हाऊसच्या दारात चपला काढायची पद्धत. आत पत्र्याखाली लांब टेबलं, पाण्याच्या टाकीचा खळखळाट, डोक्यावर टोप्या घातलेल्या बायका. मॅनेजर समाधान तिशीतला, मऊ बोलणारा, स्वतःच भेदरलेला मुलगा होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. खुशनुमालाही घरून बोलावून घेतलं होतं. ती टोपी घालून, बिल्ला लावून टेबलापाशी उभी होती. बायकांचे हात चालू होते, तिचे नव्हते.

"चाचा, मी वाईट माणूस नाही," समाधान म्हणाला. "मला वर उत्तर द्यायचंय."

"पण चौदा नंबर प्रत्येक पॅक हाऊसला असेल ना?"

"असतो. पण तुम्ही एकाच चौदा नंबरचे बाप आहात."

"मी गादीवाला. मला केळीतलं काय कळतं? हवं तर तसं बोलतो. नवल, घे."

नवलनं मोबाइल धरला. कय्युमभाईंनी सदरा नीट केला, घसा साफ केला. "मी कय्युम पिंजारी. मी जे बोललो ते खोटं होतं. माझ्या मुलीनं खोक्यात सरडा भरला नाही." ते थांबले. चेहरा लांब झाला, डोळे दाराकडे गेले. "मी त्या सरड्याला ओळखत नाही."

टेबलाच्या टोकाला एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. पदर तोंडाला लावून सगळी रांग हलू लागली. समाधाननंही मान खाली घातली, खांदे उडत होते. कय्युमभाई आणखी कळवळून म्हणाले, "मी खरं सांगतोय," आणि हसू आणखी वाढलं. खुशनुमा एकटी हसत नव्हती.

"हे नाही चालणार," समाधान डोळे पुसत म्हणाला. "हे कालच्यापेक्षा जास्त पळेल." मग खुर्ची जवळ ओढून हळू बोलला, पण पत्र्याखाली हळू बोललेलंही घुमतं. "एक करता येईल. तुमचं लोक ऐकतात. तुम्ही नेहमीसारखंच बोला. फक्त म्हणा, चौदा नाही, मी चुकलो, नऊ नंबर. नऊ म्हणजे मंदाबाई. ती काम सोडून गेली, चोपड्याला मुलाकडे असते. तिचं काही जाणार नाही. लांब आहे ती. कोण जातंय तिच्या दारात?"

कय्युमभाईंनी मान वर केली. हे वाक्य त्यांच्याच दुकानातलं होतं, दुसऱ्याच्या तोंडून आलेलं.

"आणि नाही बोललो तर?"

"तर चौदा बंद करावा लागेल. आजच कळवायचंय."

टाकीचं पाणी वाहत होतं. बायकांचे हात थांबले होते. आता कोणी हसत नव्हतं. नवलनं मोबाइल वरच धरला होता. कय्युमभाईंच्या ओठांवर वाक्य तयार होतं, हे त्यांच्याकडे बघणाऱ्या कोणालाही दिसलं असतं. त्यांना वाक्यं सुचत, तोच त्यांचा त्रास होता.

"बोला ना, अब्बा," खुशनुमा म्हणाली. "तुम्हाला तर छान बोलता येतं."

तिनं टोपी काढली, घडी घातली. छातीवरच्या बिल्ल्याची पिन अडकली होती. ती तिनं घाई न करता सोडवली, आणि बिल्ला पुसून समाधानसमोरच्या टेबलावर ठेवला. आकडा वर करून.

कय्युमभाई उठले. खुर्ची मागे सरली तिचा तेवढा आवाज झाला. त्यांनी तोंड मिटलं, मोबाइलसमोरून बाजूला झाले, दारात येऊन चपला पायात घातल्या, आणि बाहेर उन्हात निघून गेले.